विकिपीडियावरचे तारापूर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तारापूर अणुवीज केंद्राची स्थापित क्षमता ४२० मेगावॅट, ३२० मेगावॅट की १,४०० मेगावॅट? तिन्ही आकडे आपापल्या काळी बरोबर होते. १९६९ मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच प्रत्येकी २१० मेगावॅटचे होते. पुढे त्यांची क्षमता १६० वर आणली गेली आणि २००५-०६ मध्ये ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच आले. विकिपीडियासारख्या, कोणीही संपादित करू शकेल अशा ज्ञानकोशात चूक शिरते ती बहुधा अशीच: आकडा खरा, पण साल गळालेले.

‘कोणीही लिहितो, म्हणजे सगळेच बेभरवशाचे’ हा पहिला गैरसमज. २००५ मध्ये ‘नेचर’ने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात सुमारे तीन. ब्रिटानिकाने ही पद्धतच अमान्य केली, हेही सांगायला हवे. शिवाय तपासणी इंग्रजी नोंदींची होती. तिचे प्रशस्तिपत्र मराठी विकिपीडियाला परस्पर लावता येत नाही.

‘चूक झाली तरी कोणीतरी लगेच सुधारतो’ हे वर्दळीच्या पानांपुरते ठीक. तिथेही खात्री नाही: अमेरिकी पत्रकार जॉन सायगेनथेलर यांचा केनेडी-हत्येशी संबंध जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये चार महिने तसाच राहिला होता. मग बोईसरजवळच्या एखाद्या पाड्याच्या पानावर कोण पहारा देणार? हा भाग ज्यात येतो तो पालघर जिल्हा ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी लिहिलेल्या पानावरचा ‘ठाणे जिल्हा’ कोणी हात लावेपर्यंत तसाच राहतो. अशा वेळी ‘इतिहास पहा’ उघडावे. कोणते वाक्य कधी आले आणि शेवटचा बदल केव्हा झाला, हे तिथे तारखेनिशी दिसते. छापील कोशात ही सोय नाही.

वाक्यापुढे संदर्भाचा आकडा दिसला की ते सिद्ध झाले, हा समज सर्वांत घातक. दुवा मेलेला असतो, किंवा त्या बातमीत भलतेच असते. कधी बातमीच विकिपीडियावरून उचललेली असते आणि पुढे तीच पुरावा म्हणून परत येते. नामसाधर्म्याचा घोटाळा वेगळाच. तारापूर एमआयडीसी आहे बोईसरला, आणि १५ फेब्रुवारी १९३२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांवर गोळीबार झाला तो बिहारमधल्या तारापूरला.

छापील कोश मात्र निर्विवाद, असेही नाही. मराठी विश्वकोशाची नोंद जाणकाराने लिहिलेली, संपादकांनी तपासलेली असते. ही जबाबदारी मोठीच. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्या काळात छापलेल्या पानाला तिसरा-चौथा संच ठाऊक असणार कसा?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये विकिपीडियासारख्या स्रोतांना कायदेशीर वादात आधार मानताना सावध राहायला सांगितले. विकिपीडियाही स्वतःला विश्वसनीय स्रोत म्हणवत नाही. क्षमतेसाठी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनची माहिती आणि लोकसंख्येसाठी जनगणनेचे तक्ते पाहावेत; तिथवर जाण्याचा रस्ता मात्र बरेचदा विकिपीडियाच्या तळटिपांतूनच जातो.