चावी कोणाच्या खिशात? दुकानातील नेटवर्क आणि त्याची राखण

बीडहून सोलापूरकडे जाताना बालाघाटचा घाट चढला की मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला पाटोद्याकडील आणि केजकडील रस्ते येथेच मिळतात. अशा चौफुलीवरचा धंदा रस्त्यावर अवलंबून असतो. रस्ता बंद पडला की ढाब्याची चूल थंडावते आणि टायरवाल्याचा कॉम्प्रेसर गप्प होतो. ही गोष्ट येथील लहान मुलालाही ठाऊक आहे.

गेल्या काही वर्षांत या धंद्यांना दुसरा एक रस्ता जोडला गेला आहे. बिल संगणकावर निघते, पैसे क्यूआर कोडवर येतात, जीएसटीचे विवरणपत्र इंटरनेटवरून भरले जाते, ट्रकवाल्याला ई-वे बिल लागते आणि दुकानातील कॅमेऱ्याचे चित्र मालकाला घरी मोबाईलवर दिसते. हा रस्ता बंद पडला तरी धंदा तसाच अडतो. मोठ्या कंपन्यांत त्याची देखभाल करणारा पगारी माणूस असतो. त्याला आयटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपल्या दुकानात असा माणूस नसतो, पण त्याचे काम मात्र असतेच. ते काम कोणते, ते कसे करून घ्यावे आणि त्यातील कोणती गोष्ट मालकाने स्वतःजवळच ठेवावी, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

नेटवर्क म्हणजे काय?

बाहेरून फायबरची तार येते ती एका पेटीत. तिच्याजवळ किंवा तिच्यातच राउटर असतो. राउटर म्हणजे या रस्त्यावरची चौफुली. बाहेरून आलेली माहिती लहान लहान तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पाहून राउटर तुकडा योग्य यंत्राकडे पाठवितो. दुकानातील प्रत्येक यंत्राला म्हणूनच एक आयपी पत्ता असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१० अशासारखा असतो. बिलाचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि कामगारांचे मोबाईल, सर्वांना राउटर असे पत्ते वाटतो. यंत्रे जास्त असतील तर तारा जोडण्यासाठी स्विच नावाची पेटी लावतात. स्विचपासून यंत्रापर्यंतची तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी, हा यातील साधा नियम आहे. गोदाम त्याहून दूर असेल तर मध्ये आणखी एक स्विच किंवा फायबर घ्यावे लागते.

"नेट चालत नाही" ही तक्रार अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला रोज ऐकावी लागते. जाणता माणूस लगेच कंपनीला फोन लावीत नाही. तो आधी विचारतो की एकच यंत्र बंद आहे की सर्व? एकच असेल तर दोष त्या यंत्रात, त्याच्या तारेत किंवा टोकाच्या प्लगमध्ये असतो. सर्व बंद असतील तर राउटरवरील दिवे पाहायचे. फायबरच्या पेटीवर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक वेळा तार बाहेर तुटलेली असते, आणि मग कंपनीला कळविण्यावाचून उपाय नाही. दिवे ठीक असूनही नेट मंद असेल तर कोणी मोठे चित्रपट उतरवून घेत आहे काय, ते पाहायचे. या क्रमाने गेल्यास अर्ध्या तक्रारी दहा मिनिटांत मिटतात. क्रम सोडून गेल्यास चांगला राउटरही फुकट बदलला जातो. गॅरेजमधील उस्ताद इंजिनाचा दोष शोधताना जो क्रम पाळतो, तोच हा क्रम आहे.

गिऱ्हाइकाचे वायफाय वेगळे ठेवा

ढाब्यावर बसलेला ड्रायव्हर वायफायचा पासवर्ड मागतो आणि आपण आपुलकीने देतो. पाहुणचार चांगलाच आहे. परंतु त्याच वायफायवर आपला बिलाचा संगणकही असेल, तर पाहुण्याला ओसरीवर बसविण्याऐवजी आपण तिजोरीच्या खोलीत बसविले असे होते. त्याचा हेतू वाईट नसला तरी त्याच्या मोबाईलमधील घातक सॉफ्टवेअर आपल्या यंत्रापर्यंत पोहोचू शकते. आजच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क नावाचे वेगळे वायफाय काढता येते. त्याला निराळा खर्च नाही. फक्त ते सुरू करावे लागते.

दुसरी चूक कॅमेऱ्यांच्या बाबतीत होते. डीव्हीआर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा पासवर्ड ठरावीक असतो, आणि बसविणारा कारागीर घाईत तो तसाच ठेवतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्याच्या पासवर्डनेच ताब्यात घेतले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. ज्यांची यंत्रे वापरली गेली त्या मालकांना पत्ताही नव्हता. चोरी थांबविण्यासाठी आणलेली वस्तूच चोराच्या हाती गेली, ती केवळ पासवर्ड न बदलल्यामुळे.

नको त्या गोष्टी अडविणे

आपल्या वाचकांना सर्वात जिव्हाळ्याचा विषय हा आहे. दुकानात तरुण कामगार असतात, घरी मुले असतात. मदरसा किंवा संगणक वर्ग चालविणाऱ्यांवर तर दुसऱ्यांच्या मुलांची जबाबदारी असते. इंटरनेटवरील अश्लीलता, जुगार आणि फसवणूक यांना दारातच अडविण्याच्या कामाला वेब फिल्टरिंग म्हणतात.

त्याची सोपी रीत अशी. आपण वेबसाइटचे नाव लिहितो, पण यंत्राला क्रमांकाचा पत्ता लागतो. नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. फिल्टर करणाऱ्या डीएनएसजवळ वाईट साइटांची यादी असते. नाव यादीत सापडले तर तो पत्ताच देत नाही. क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ हा पत्ता, आणि दुसऱ्या जागी १.०.०.३, घातला की अश्लील आणि घातक म्हणून नोंदलेल्या साइटा त्या राउटरवरील सर्व यंत्रांना मिळेनाशा होतात. काम पाच मिनिटांचे आहे.

मात्र या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. मुलाने मोबाईलचे स्वतःचे नेट लावले किंवा व्हीपीएन वापरले की राउटरचा फिल्टर निरुपयोगी ठरतो. तसेच फिल्टर कधी कधी भलत्यालाच अडवितो. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातेच उघडू दिले नाही, कारण गावाच्या नावात योगायोगाने एक अश्लील इंग्रजी शब्द दडला होता. म्हणून फिल्टर लावणाऱ्याने तक्रार ऐकली पाहिजे आणि चुकून अडलेली कामाची साइट मोकळी करून दिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कोणी कोणती साइट मागितली याची नोंद अनेक यंत्रणा ठेवतात. ती नोंद पाहण्याचा अधिकार हाती आला म्हणून कामगारांच्या खाजगी गोष्टी चाळत बसणे योग्य नाही. दुसऱ्याचे दोष हुडकत फिरण्यास इस्लामने मनाई केली आहे. दुकानात फिल्टर आहे आणि नोंद राहते, हे कामगारांना पहिल्या दिवशीच सांगावे. बिघाड किंवा फसवणूक झाली तरच नोंद उघडावी. दार बंद करणे वेगळे आणि भिंतीला कान लावणे वेगळे. आणि मुलांच्या बाबतीत फिल्टरपेक्षा घरातील संस्कार आणि बापाची सोबत अधिक उपयोगी पडते, हेही विसरू नये.

वेबसाइट: पाटी, जागा आणि कुलूप

आता पुष्कळ कारागीर आपल्या मालाची वेबसाइट काढतात. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली डोमेन, म्हणजे नाव. ती दुकानाची पाटी. दुसरी होस्टिंग, म्हणजे जिच्यावर पाने ठेवलेली असतात ती भाड्याची जागा. तिसरी सुरक्षा प्रमाणपत्र, ज्यामुळे गिऱ्हाइकाने भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. ते कुलूप. तिन्हींना मुदत असते. प्रमाणपत्र संपले की ब्राउझर गिऱ्हाइकाला धोक्याची सूचना दाखवितो आणि गिऱ्हाईक परत जाते. डोमेनचे नूतनीकरण राहिले तर काही काळाने ते नाव मोकळे होते आणि दुसरा कोणीही घेऊ शकतो. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत अशीही नावे मिळतात.

आमचा मुख्य मुद्दा येथे येतो. समजा, एखाद्या फर्निचरवाल्याने ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. मुलाने सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर घेतले. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला, त्याचा नंबर बदलला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिली आणि कोणी ती वाचली नाही. मुलाने बेइमानी केली नाही आणि मालकाने पैसे बुडविले नाहीत. तरीही अनेक वर्षे व्हिजिटिंग कार्डावर छापलेले नाव हातातून जाते. दुकान भाड्याने घेताना करारनामा आपल्या नावाचा असावा याची काळजी आपण घेतो. तशीच काळजी येथेही घेतली पाहिजे. डोमेन, होस्टिंग, राउटर आणि हिशोबाचे सॉफ्टवेअर ही सर्व खाती मालकाच्या नावावर, मालकाच्या ई-मेलवर आणि मालकाच्या मोबाईल नंबरवर असावीत. काम दुसऱ्याने करावे, चावी मालकाची असावी.

घानामधील वीज गेली नसती तर...

बॅकअप, म्हणजे हिशोबाची जादा प्रत. तिचे महत्त्व समजण्यास एक घडलेली हकिकत पुरेशी आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. तो आला कशातून? तेथील व्यापारी वापरीत असलेल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. जहाजवाहतुकीतील मर्स्क ही बलाढ्य कंपनी त्यात सापडली. त्याचा फटका थेट आपल्या राज्यात, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला. मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्यावरचे संगणक बंद पडले आणि मालाची वाहतूक खोळंबली.

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. सर्वात मोठी अडचण अशी होती की सर्व कर्मचाऱ्यांची ओळख ठेवणारे मुख्य सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले होते. ते सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवीत, म्हणून वेगळा बॅकअप नव्हता. अखेर घाना देशातील कार्यालयात एक सर्व्हर सुखरूप सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता आणि वाचला! त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

भारनियमन सोसणाऱ्या आपल्या भागातील व्यापाऱ्याने यातून एवढा बोध घ्यावा की जी प्रत सतत जोडलेली असते ती मूळ प्रतीबरोबरच जाते. हिशोबाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक दुकानाबाहेर असावी. आठवड्यातून एकदा पोर्टेबल हार्ड डिस्कवर प्रत काढून ती संगणकापासून सोडवून घरी न्यावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी, कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा तपशीलवार आदेश पवित्र कुरआनातील सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वात मोठी आयत आहे. लिहिण्याला इतके महत्त्व असेल तर लिहिलेले जपण्यालाही आहे.

अमानत

आपल्या समाजातील अनेक मुले संगणक दुरुस्ती, कॅमेरे बसविणे, आयटीआयचा संगणकाचा अभ्यासक्रम अशा वाटेने पुढे येत आहेत. महामार्गावरच्या प्रत्येक गावात त्यांना काम आहे. पाच-दहा दुकानांची वार्षिक देखभाल, ज्याला बाजारात एएमसी म्हणतात, घेतली तर हलाल रोजीचे ते चांगले साधन होऊ शकते. त्यांना आम्ही एकच सांगू. तुमच्या हाती दुसऱ्याचे पासवर्ड येतात, गिऱ्हाइकांची नावे येतात, हिशोब येतो. ही अमानत आहे. मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याजवळ ठेवीत. हिजरतीच्या रात्री, विरोधक जिवावर उठलेले असतानाही, त्या ठेवी मालकांना परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. काम सोडताना पासवर्डांची यादी मालकाच्या हाती देऊनच निघणे, हा त्याच शिकवणीचा भाग आहे.

आणि व्यापारी बंधूंनो, आपणही करार लेखी करा, मेहनताना वेळेवर द्या. भाचा किंवा पुतण्या आहे म्हणून फुकट काम करून घेतले की जबाबदारीही फुकटच राहते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आज दुकान बंद करण्यापूर्वी चार गोष्टी तपासा. राउटर आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदललेला आहे काय? गिऱ्हाइकांचे वायफाय वेगळे आहे काय? वेबसाइटचे नाव आपल्याच नावावर आहे काय? हिशोबाची एक प्रत घरी आहे काय? चारांचे उत्तर 'होय' असेल तर अल्लाहचे आभार माना. एकाचेही 'नाही' असेल तर उद्या सकाळी पहिले काम तेच करा.