द्राक्षमळ्यातील मजुरी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली अहमदनगरास त्यांचे ठाणे बसले. पुढे त्या परिसरातील ज्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी एका खेड्यात, दर गुरुवारी रात्रीची जेवणे आटोपल्यावर, पाचसहा घरची माणसे एका ओसरीवर शास्त्राभ्यासासाठी जमतात. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब बोलतात व मंडळी ऐकते. येथे ज्याने त्याने बोलावयाचे असते, आणि पाळकसाहेब बहुधा कंदिलाच्या काळापासून तेथे असलेल्या एका बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसलेले असतात. जमणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी आहेत. बाकीची बहुतेक माणसे रोजंदारीवर राबणारी.

त्यांची पद्धत मोठी संथ आहे. नेमलेला उतारा प्रथम तिघांनी पाळीपाळीने मोठ्याने वाचावयाचा, मग सर्व पुस्तके मिटावयाची, आणि एकाने तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावयाचा. इतरांनी मध्ये न बोलता ऐकून, त्यात काय सुटले व काय पदरचे घातले गेले, एवढेच दाखवून द्यावयाचे. तोवर अर्थ सांगण्यास बंदी. दिनदर्शिकेवरील रोजचे एक वचन चहाबरोबर घेऊन कामास लागणाऱ्यांना हा कारभार कंटाळवाणा वाटेल. मला मात्र तो न्यायालयातील उलटतपासणीइतका चित्तवेधक वाटला.

मी गेलो त्या रात्री मत्तयाच्या शुभवर्तमानातील २०वा अध्याय निघाला होता. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, एक दीनार, म्हणजे त्या काळची दिवसाची रीतसर मजुरी, ठरवितो. पुन्हा नऊच्या, बाराच्या, तीनच्या सुमारास, आणि अखेर दिवस बुडावयास तासभर उरला असता आणखी माणसे लावतो, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच दीनार ठेवतो. एका तरुणाने ही हकीकत बिनचूक सांगितली, असे मला वाटले. गुरुजींनी मात्र बोट ठेवले: धन्याने कारभाऱ्याला शेवटच्यापासून आरंभ करावयास सांगितले, हे सुटले होते. वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या तपशिलावर सारी तकरार उभी आहे. कारण पहाटेच्या मजुरांचा हिशेब प्रथम चुकता झाला असता तर ते ठरलेला दीनार कनवटीस लावून संतोषाने घरी गेले असते, आणि फिर्यादीस जागाच उरली नसती. धन्याने ती फिर्याद जणू मुद्दाम घडवून आणली आहे.

येथे पाळकसाहेब प्रथमच बोलले. अध्यायांची सध्याची विभागणी तेराव्या शतकातील स्टीफन लँग्टन यांच्या नावे सांगितली जाते आणि नव्या करारातील वचनांचे आजचे आकडे रॉबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले, तेव्हा त्या कुंपणापाशी थांबण्याचे कारण नाही, असे सांगून त्यांनी एक पान मागे उलटावयास लावले. तेथे पेत्र विचारीत होता की, आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार? दाखला कोणाच्या कैफियतीवरून निघाला, हे उघड झाले. गुरुजींनी लगोलग अनुवादाच्या पुस्तकातील २४वा अध्याय काढून दाखविला: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे, हा धनी लहरी दिसला तरी नियमाला चुकलेला नाही.

ज्या तरुणाने हकीकत सांगितली, तो तालुक्याच्या गावी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. तो म्हणाला, “पाच वाजेपर्यंत उभा राहतो तो आळशी नसतो, गुरुजी. काम लागलेल्याला सकाळीच कळतं की आज घरी पीठ जाणार. न लागलेल्याला दिवसभर तेच कळत नाही.” मूळ उताऱ्यातही शेवटचे मजूर हेच सांगतात, की आम्हांला कोणी कामावर लावले नाही, ते वाक्य तीनदा माझ्या कानांवरून गेले होते, पण त्यातला दिवसभराचा घोर मला त्याच्या तोंडून प्रथम ऐकू आला.

एवढ्याने सर्वांचे समाधान होईलसे वाटत असतानाच भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध मावशींनी विचारले, “मंग सकाळधरनं उन्हात राबला त्यो येडा, आन् सांजच्याला आला त्यो शाना? उद्या पहाटं कोन जाईल कामाला?”

कोणी हसले नाही. पाळकसाहेबांनी देवाच्या कृपेविषयी दोन शब्द सांगून पाहिले. मावशींनी मान हलविली, पण ती होकारार्थी नव्हे. “मावशी, तुमचं म्हणणं खोडता येत नाही मला,” ते म्हणाले. माझ्या मते या अभ्यासाचे बळ येथेच आहे. मळ्याच्या धन्याशी मजुरीवरून हुज्जत घालणाऱ्या त्या बाईने त्याचे म्हणणे जितक्या बारकाईने ऐकून घेतले होते, तितके आम्हां माना डोलावणाऱ्यांपैकी कोणीही घेतले नव्हते. आणि धन्याशी तिचे नाते इतके जिवंत होते की त्याच्या वर्तनाचा तिला राग येऊ शकत होता.

समारोपाची प्रार्थना मावशींनाच सांगितली गेली. त्यांनी पावसासाठी, नातवाच्या परीक्षेसाठी आणि मंडळीतील एका आजाऱ्यासाठी मागणे केले, आणि मग, आवाज जराही मऊ न करता, मजुरीची ती तकरार जशीच्या तशी देवापुढे मांडली. पुढील गुरुवारी जब्दीच्या मुलांची आई आपल्या लेकांसाठी उजवीडावीकडील आसने मागते तो भाग घ्यावयाचा होता. तो पुढे ढकलून द्राक्षमळाच पुन्हा वाचावा, असे ठरले.