वॉशिंग्टन आडनावाची माणसं

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. तरी 2000 सालच्या जनगणनेत त्या देशात वॉशिंग्टन आडनावाची 1,63,036 माणसं निघाली, आणि त्यांतली दहातली नऊ कृष्णवर्णीय होती. कुठल्याही प्रचलित आडनावात कृष्णवर्णीयांचं प्रमाण एवढं मोठं नव्हतं. दुसरा क्रमांक थॉमस जेफरसन यांच्या आडनावाचा, 75 टक्के. लिंकन आडनावाचे लोक मात्र जेमतेम सोळा हजार आणि त्यांत कृष्णवर्णीय फक्त 14 टक्के. गुलामगिरीविरुद्ध लढा देणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं नाव बाजूला राहिलं आणि शेकडो गुलाम बाळगणाऱ्याचं नाव गुलामांच्या वंशजांमध्ये रुजलं, हे खटकतं. या कोड्याचं उत्तर शोधायला लागलं, की अमेरिकेच्या इतिहासाची एक वेगळीच बाजू समोर येते.

वॉशिंग्टन हे नाव मुळात एका इंग्रजी गावाचं. ईशान्य इंग्लंडमधल्या त्या गावात बाराव्या शतकात जमीन मिळालेल्या घराण्यानं गावाचं नाव लावलं. आपल्याकडच्या सातारकर, नगरकरांसारखंच. त्याच घराण्यातला एक तरुण सतराव्या शतकात व्हर्जिनियात येऊन स्थायिक झाला. त्याचा पणतू म्हणजे जॉर्ज. पुढे त्याच्या नावानं देशाची राजधानी झाली, एक राज्य झालं, पूल, डोंगर, विद्यापीठं झाली. वॉशिंग्टन राज्यात तर ‘जॉर्ज’ नावाचं गावच आहे. पण ही नावं सरकारांनी आणि संस्थांनी दिलेली. माणसांची गोष्ट निराळी आहे.

1799 साली, मृत्यूच्या काही महिने आधी, वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन या आपल्या जमीनदारीवरच्या गुलामांची यादी स्वतः तयार केली. एकूण 317 माणसं. त्यांतली 123 त्यांच्या मालकीची, 153 पत्नी मार्था यांच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीची आणि उरलेली भाड्यानं घेतलेली. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या 123 जणांना मार्थाच्या पश्चात मुक्त करावं असं लिहिलं. मार्थानं 1 जानेवारी 1801 रोजीच त्यांना मोकळं केलं. सासरच्या इस्टेटीतले गुलाम मात्र कायद्यानं तिच्या नातवंडांत वाटले गेले. दोन्हीकडच्या गुलामांची आपसांत लग्नं झालेली होती, त्यामुळे एकाच घरातलं कुणी सुटलं आणि कुणी अडकून पडलं.

त्या मृत्युपत्रात एका माणसाला ताबडतोब स्वातंत्र्य दिलेलं आहे. स्वातंत्र्ययुद्धभर वॉशिंग्टन यांच्या सोबत राहिलेला त्यांचा खास सेवक विल्यम. त्याच्या नावापुढे धन्यानं लिहून ठेवलंय, की हा स्वतःला विल्यम ली म्हणवतो. गुलामाला आडनाव नसतं, असं मालक धरून चालत. पण विल्यमला ते होतं, आणि त्यानं ते इतक्या ठामपणे लावलं की मालकालाही मृत्युपत्रात त्याची नोंद घ्यावी लागली. इतिहासकारांना आता पुरते पुरावे मिळाले आहेत, की मालकाच्या कानावर जाऊ न देता अनेक गुलाम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची आडनावं जपत होती. विकले गेलेले नातलग पुन्हा सापडायचे, तर तो एक धागा होता.

वॉशिंग्टन हे नाव लावलेला एक गुलाम तर थेट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याच घरचा. हॅरी आफ्रिकेतल्या गँबिया नदीच्या परिसरात जन्मलेला. वॉशिंग्टन यांनी त्याला 1763 च्या सुमारास विकत घेतलं. 1776 साली धनी इंग्रजांशी लढत असताना हॅरी पळाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण बंडखोरांच्या गुलामांना इंग्रजांनी स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं होतं. 1783 साली इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा सोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांची त्यांनी नोंदवही केली. तिच्यात हॅरी वॉशिंग्टन हे नाव आहे, पूर्वीच्या मालकाच्या उल्लेखासह. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात काही वर्षं काढून 1792 मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेला. तिथं जमिनीवर सारा लावणाऱ्या इंग्रज कंपनीविरुद्ध 1800 साली वसाहतवाल्यांनी उठाव केला, त्यात हॅरी होता. उठाव मोडला आणि त्याला हद्दपार केलं गेलं. इंग्रजांच्या करांविरुद्ध उभे राहिलेले वॉशिंग्टन दोन झाले. शाळेच्या पुस्तकात एकच आला.

हॅरीचं नाव धन्याच्या घरातून आलं, पण सगळ्यांचं तसं नव्हतं. 1865 साली गुलामगिरी कायद्यानं संपली आणि लाखो माणसांना सैन्याच्या, शाळांच्या, मदत कार्यालयांच्या कागदांवर पूर्ण नाव सांगायची वेळ आली. 1870 ची जनगणना ही दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावानिशी झालेली पहिली मोजणी. कुणी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, कुणी जपलेलं उघड केलं, कुणी नवं घेतलं. वॉशिंग्टन निवडण्यामागे कारणं अनेक असणार, पण एक उघड आहे: हे नाव घेणारा माणूस या देशावर हक्क सांगत होता. देश स्थापन करणाऱ्याचं नाव घेऊन आपण इथलेच आहोत, असं तो कागदावर लिहून देत होता.

अशा नाव घेण्याचा एक प्रसंग तपशिलानं नोंदलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावात एक पोरगा सावत्र बापासोबत मिठाच्या भट्टीवर राबत होता. बापाच्या पिंपांवर मारला जाणारा 18 हा आकडा त्याला पहिल्यांदा वाचता आला. शाळेत जायची वेळ आली तेव्हा सगळ्या मुलांच्या डोक्यावर टोप्या होत्या. दुकानातली टोपी परवडणारी नव्हती, म्हणून आईनं हातमागाच्या कापडाचे दोन तुकडे जोडून टोपी शिवली. हजेरीच्या वेळी मुलं दोन-दोन, तीन-तीन नावं सांगत होती. याला बुकर एवढंच माहीत. आपली पाळी येईपर्यंत त्यानं ठरवलं आणि मास्तरांना शांतपणे सांगितलं: बुकर वॉशिंग्टन. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, हेही खरं. आईनं जन्मतः आपलं नाव टॅलिफेरो ठेवलं होतं हे नंतर कळल्यावर त्यानं ते मधे घातलं. 1881 साली अलाबामात टस्कीगीची शिक्षणसंस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन ते हेच. 1940 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर छापलं गेलेलं पहिलं कृष्णवर्णीय व्यक्तिमत्त्वही तेच.

टस्कीगी म्हटलं की मराठी वाचकाला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आठवणारच. 1981 पासून या पुस्तकानं कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत नेलं. मिसुरीतल्या मोझेस कार्व्हर या मालकाच्या घरी वाढलेला हा मुलगा स्वतःला ‘कार्व्हरचा जॉर्ज’ म्हणत असे. मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सुईणीनं त्याला आसरा दिला आणि बजावलं, यापुढे जॉर्ज कार्व्हर असं सांगायचं. एका षष्ठीच्या प्रत्ययाची गुलामी तिनं पुसली. पुढे कान्सासमध्ये त्याच नावाचा दुसरा इसम निघाला, टपाल इकडचं तिकडे जाऊ लागलं, म्हणून यानं मधे ‘डब्ल्यू’ घातला. कुणीतरी विचारलं, वॉशिंग्टन का? तो म्हणाला, का नाही? नाव रूढ झालं ते असं. 1896 मध्ये बुकर वॉशिंग्टन यांनीच कार्व्हरना टस्कीगीत बोलावलं, आणि 1943 मध्ये कार्व्हर गेले तेव्हा त्यांना बुकर यांच्या शेजारीच पुरलं.

गुलामांच्या मुक्तीचं मोल महाराष्ट्रात फार आधी ओळखलं गेलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, तेव्हा नव्यानं आडनाव सांगायला लागलेली ही पिढी शाळेच्या बाकांवर होती.

तिच्या पुढच्या पिढ्यांनी नाव कुठे नेलं हे जगाला दिसतंच आहे. अभिनेता डेन्झेल वॉशिंग्टन जन्मला तो न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन शहरात. या शहराचं नाव त्याच जमीनदारीवरून पडलं. ‘ग्लोरी’ चित्रपटात पळालेल्या गुलामाचं सैनिकात होणारं रूपांतर साकारून त्यानं पहिलं ऑस्कर मिळवलं. हॅरल्ड वॉशिंग्टन 1983 मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आणि 1974 साली राजधानी वॉशिंग्टनच्या नागरिकांना शंभर वर्षांनंतर स्वतःचा महापौर निवडायची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी निवडून दिले वॉल्टर वॉशिंग्टन, गुलामांचे पणतू. शहराच्या मोठ्या संमेलन केंद्राला आज त्यांचं नाव आहे.