मेंदूच्या कोडमधल्या कॉमेंट्स

बारावीनंतर मी बायोलॉजीला रामराम ठोकला. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग एक पेशी यकृताची आणि दुसरी मेंदूची कशी होते?

उत्तर बरंचसं पॅकिंगमध्ये आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो! इवल्याशा केंद्रकात मावण्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा गुंडाळतात तसा. एका रिळात ८ हिस्टोन. त्यांची शेपटं बाहेर लोंबत असतात आणि त्यांवर एन्झाइम्स मेथिल गट चिकटवतात. हेच हिस्टोन मेथिलेशन.

गंमत म्हणजे, गट कुठे चिकटला यावर पुढचं ठरतं. एच३ हिस्टोनच्या ४ नंबरच्या लायसिनवर तीन गट बसले, की तिथला जीन सहसा चालू. २७ नंबरवर बसले की बंद. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत, ओळ डिलीट करायची नाही, नुसती कॉमेंट करून ठेवायची. गर्भात मेंदू घडताना कुठली ओळ कधी चालवायची, हे अशा खुणांवरही अवलंबून असतं.

आणि खूण चुकली तर? १९८१ साली जपानमध्ये निइकावा आणि कुरोकी यांनी स्वतंत्रपणे एका आजाराचं वर्णन केलं. या मुलांचे डोळे काबुकी नाटकातल्या नटांच्या रंगभूषेची आठवण करून देतात, म्हणून नाव पडलं काबुकी सिंड्रोम. बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ कमी-अधिक मागे राहते. २०१० मध्ये केएमटी२डी या जीनमधला दोष सापडला. त्याचं एन्झाइम ४ नंबरवर गट चिकटवतं. २०१२ मध्ये दुसरा जीन मिळाला, केडीएम६ए. त्याचं एन्झाइम २७ नंबरवरचे गट काढतं. एक 'चालू'ची खूण लावणारा, दुसरा 'बंद'ची खूण पुसणारा. कुठलाही बिघडला तरी आजार तोच!

जन्मतः मेंदू असा घडला की पुढे काही करता येत नाही, असंच आपण धरून चालतो. पण २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या ब्योर्न्सन आणि सहकाऱ्यांनी केएमटी२डीचा दोष असलेल्या प्रौढ उंदरांना डीएनएचं पॅकिंग सैल करणारं औषध दिलं. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी पुन्हा नीट बनू लागल्या, स्मरणशक्तीही सुधारली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण बिघडलेला जीन तसाच असूनही हे घडलं, कारण बंद पडलेल्या बाकीच्या ओळी कोडमध्ये शाबूत होत्या. म्हणून 'जन्मजात' म्हणजे 'कायमचं' असं म्हणण्याआधी जरा थांबायला हवं, असं मला वाटतं.