विहीर मचूळ होण्याआधी जागे व्हा

कोकण किनाऱ्यावरच्या गावांत एप्रिल-मे आला की ठरलेली तक्रार कानावर येते : विहिरीचे पाणी मचूळ लागते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, वाडीतल्या सुपारीची पाने टोकाकडून करपतात. पावसात चव सुधारते आणि विषय मागे पडतो. पण मंडळी, हा विषय मागे टाकण्यासारखा राहिलेला नाही.

किनाऱ्यालगत जमिनीच्या पोटात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी एक फूट उभे असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडा साठा टिकतो, असा भूजलाचा ढोबळ हिशेब आहे. हा हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी फूटभर उतरवली, की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. आणि बिघडायला फार लागत नाही. शंभर हंड्यांत दोन हंडे समुद्राचे मिसळले, तरी पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडची लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.

त्यात समुद्र वर येतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? पण सखल गावात गोड्या पाण्याला वर चढायला जागाच नसते. समुद्र चढेल तेवढा गोड्याचा दाब घटतो. शिवाय उधाणाचे पाणी खाडीतून आणखी आत येते. खारबंदिस्तीला खांड पडली, की ते शेतात आणि विहिरीत शिरते.

शेजारच्या सौराष्ट्राने हे भोगले आहे. तिथे किनाऱ्यावर पंपांनी बेसुमार उपसा झाला आणि खारे पाणी काही किलोमीटर आत घुसले. १९७६ साली गुजरात सरकारला त्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी लागली. पुढे बंधारे, भरतीचे पाणी अडवणारे दरवाजे, पुनर्भरण विहिरी असा मोठा खर्च करावा लागला. एकदा खारलेला साठा एका पावसात धुऊन निघत नाही, त्याला वर्षानुवर्षे लागतात.

मग आपण काय करायचे? सरपंच आणि ग्रामसेवकांनी मे आणि ऑक्टोबरमध्ये जलसुरक्षकाकडून विहिरींचे नमुने तपासणीला पाठवावेत आणि क्लोराइडचा आकडा वहीत लिहून ठेवावा. दरवर्षी आकडा चढत असेल, तर तो धोक्याचा बावटा समजा. पुळणीजवळ नवी खोल बोअर मारू नका. पंप तासन्‌तास चालवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा उपसा करा, वाडीला ठिबक लावा. पाऊस सरताच वहाळावर कच्चे बंधारे घाला. छपराचे पाणी गाळून जमिनीत मुरवा. पुळणीची वाळू उपसू देऊ नका, कारण तीच पावसाचे पाणी धरून ठेवते. खारबंदिस्तीच्या खांडी आणि उघाड्या पावसाआधी दुरुस्त करून घ्या.

समुद्र आपले ऐकणार नाही. उपसा मात्र आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि गावातल्या विहिरींची वही तिथेच सुरू करा.