मुलांसाठी किती करायचे, कुठे थांबायचे?

मार्केट यार्ड, पुणे - रविवार हा शाळेच्या सुटीचा दिवस. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मात्र फळे आणि भाजीपाल्याची मोठी आवक होते ती रविवारीच. परगावचे ट्रक आणि टेम्पो रात्रीतूनच दाखल होतात आणि उजाडण्यापूर्वी गाळ्यांवर लगबग सुरू होते. गाड्या उतरविणारे हमाल, तोलणार, मालाच्या खरेदीसाठी आलेल्या किरकोळ भाजीविक्रेत्या स्त्रिया, अशी कितीतरी माणसे त्यासाठी भल्या पहाटे घर सोडतात. त्यांच्या मागे घरात उरतात ती शाळकरी मुले. पाणी भरणे, केर काढणे, धाकट्या भावंडाला खाऊ घालणे ही कामे मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या, त्यातही मुलींच्या वाट्याला येतात.

बाजाराच्या आवारापासून हाकेच्या अंतरावरील सोसायट्यांमध्ये अनेकदा याच्या अगदी उलट चित्र दिसते. दहावीतल्या मुलाला उठवण्यापासून त्याचे अंथरूण आवरणे, डबा भरणे, विसरलेली वही शाळेत नेऊन देणे इथपर्यंत सारे आई-वडील करतात. 'अभ्यास कर, बाकीचे आम्ही पाहतो,' हा त्यामागचा मायेचा विचार. एका घरात पालकांना करायला वेळ नाही, तर दुसऱ्या घरात मुलांना करू दिले जात नाही. किशोरवयीन मुलांसाठी पालकांनी घरी नेमके किती करावे, हा प्रश्न म्हणूनच दोन्ही घरांचा आहे.

हातभार आणि ओझे

घरकामात मुलांनी हातभार लावणे आणि घर त्यांच्या खांद्यावर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेतून आल्यावर मुलाने भांडी घासली, तर तो हातभार होय. भावंडाला सांभाळण्यासाठी मुलीची शाळा बुडू लागली, की त्याचे ओझे होते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही अशीच रेघ आखली आहे. चौदा वर्षांखालील मुलाने कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात मदत करायला मुभा आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि शिक्षणावर परिणाम होणार नसेल तरच. हा कायदा कामधंद्याविषयी असला, तरी त्यातील कसोटी घरकामालाही लावता येते. झोप, शाळा आणि खेळ यांना धक्का न लावता जे काम होते, तोच हातभार.

ओझ्याला मर्यादा हवी, हे मार्केट यार्डाला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि राज्यातील अन्य संघटनांनी पोत्याच्या वजनावर मर्यादा असावी, यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला. हमालांच्या कामाचे नियमन करणारा माथाडी कायदा १९६९ मध्ये आला. घरातल्या ओझ्यासाठी मात्र कायदा नाही. तिथे तोलून पाहण्याचे काम आई-वडिलांनाच करावे लागते.

ते तोलताना मुलगा आणि मुलगी यांना एकच माप लावायला हवे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या 'टाइम यूज' सर्वेक्षणानुसार, सहा वर्षांवरील व्यक्तींमध्ये घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात. हे काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटे. ही तफावत लग्नानंतर अचानक उद्भवत नाही. बहिणीने पोळ्या लाटायच्या आणि भावाने ताटावर येऊन बसायचे, या रोजच्या वळणातून ती तयार होते.

आधार कधी काढायचा?

किशोरवयात शरीर झपाट्याने वाढते. मात्र नियोजन करणे, परिणामांचा विचार करणे, स्वतःला आवर घालणे यांच्याशी संबंधित मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. या वयात झोपेचे घड्याळही पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही, यात केवळ आळस नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. तेव्हा 'आता मोठा झालास, तुझे तू पाहा,' असे सांगून हात झटकणेही बरोबर नाही.

यावर शिक्षणशास्त्राने एक उपयुक्त कल्पना दिली आहे. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या अभ्यासकांनी १९७६ मध्ये मोठ्यांच्या मदतीला बांधकामावरील परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची लागते आणि काम पुरे होताच ती उतरवायची असते. हाच क्रम घरात असा लावता येतो: आधी पालकांनी काम करून दाखवावे, मग मुलासोबत करावे, नंतर त्याला करू देऊन नुसते पाहावे आणि शेवटी पाहणेही सोडावे. अनेक घरांत गाडी पहिल्याच पायरीवर अडते. कष्टकऱ्यांच्या घरांत मधल्या दोन पायऱ्या गाळून मुलांना थेट शेवटच्या पायरीवर उभे राहावे लागते.

दहावीचे वर्ष

'यंदा दहावी आहे' हे कारण पुढे बारावीला आणि प्रवेश परीक्षांनाही पुरते. शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाला मग कपडे धुणे, पैशांचा हिशेब ठेवणे, आजारपणात स्वतःकडे पाहणे हे सारे एकाच महिन्यात शिकावे लागते. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. परीक्षेच्या ऐन दिवसांत कामाची सूट जरूर द्यावी. वर्षभराची सूट मात्र मुलाच्या हिताची नाही. रोजचे अर्ध्या तासाचे काम अभ्यासाच्या आड येत नाही.

काम सोपविल्यावर ते मुलाच्या पद्धतीने होऊ द्यावे लागते. भाजी थोडी करपेल, घडी वाकडी पडेल. तेवढ्यावरून काम परत हाती घेतले, की 'आपल्याला जमत नाही' हेच मुलाच्या मनावर ठसते.

काय सोडावे, काय सोडू नये?

* अंथरूण, दप्तर, ताट-वाटी, स्वतःचे कपडे : ही कामे पालकांनी सोडून द्यावीत.
* एक वेळचा साधा स्वयंपाक, बाजारहाट, बिल भरणे : ही सोबत राहून शिकवावीत.
* पोटभर जेवण, पुरेशी झोप, दवाखाना, पैशांची चिंता, मोठे निर्णय : ही जबाबदारी पालकांचीच. ती मुलांवर टाकू नये.
* कामाची वाटणी मुलांना विचारून करावी आणि ती भाऊ-बहिणींत आलटून पालटून फिरवावी.
* ज्या घरात मुलांना अधिक करावेच लागते, तिथे त्यांच्या कष्टांची दखल शब्दांतून घ्यावी आणि आठवड्यातील एक दिवस त्यांना मोकळा द्यावा.

रविवारी बाजारात राबणाऱ्या आईला हा मोकळा दिवस रविवारीच देता येईल असे नाही. फळे-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो. त्या दिवशी तिने मुलीच्या हातातला झाडू स्वतःच्या हाती घेतला, तरी पुष्कळ झाले.