शहराचा उन्हाळा आणि महापालिकेचा माणूस

रस्त्यांवरचा बर्फ वेळेत हटला नाही म्हणून 1979 मध्ये शिकागोच्या महापौरांची खुर्ची गेली. जानेवारीत हिमवादळ झालं, फेब्रुवारीत पक्षांतर्गत मतदान झालं आणि मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवलं. सोलापूरकराला ही गोष्ट सांगितली, तर बर्फ त्याच्या डोळ्यांपुढे येणार नाही, पण लोकांचा राग तत्काळ कळेल. आपल्याकडची थंडी सौम्य. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर घालून हिंडावं, एवढीच. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या मावशींना ती झोंबते, पण शहराची खरी परीक्षा पारा 43-44 अंशांवर जातो त्या एप्रिल-मेमध्ये असते. त्या दिवसांत महापालिकेच्या माणसाशी आपण कसे वागलो, हे 2020 ते 2025 या सहा वर्षांत लख्ख दिसलं.

2020 चा उन्हाळा आठवा. टाळेबंदीत यंत्रमाग थांबले, विडी कारखाने बंद पडले, रस्ते ओस पडले. त्या उन्हात बाहेर होते ते सफाई कामगार, औषध फवारणारे, घरोघर तपासणी करणाऱ्या आशाताई आणि पोलीस. ज्यांना कधी कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्यांच्यावर तेव्हा फुलं उधळली गेली, गळ्यात हार पडले. घंटागाडीवरच्या माणसाला लोक 'अण्णा' म्हणून हाक मारू लागले, पेठांमधून तर ही हाक अगदी तोंडातली. पण त्याच काळात काही दारं याच माणसांना पाहून बंदही होत होती. पाणी द्यायचं, पण तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा, हेही घडत होतं. आजाराची भीती होतीच, पण सफाई कामगाराच्या बाबतीत त्या तांब्यामागे जातीची जुनी सवयही होती. ती मान्य केल्याशिवाय या मागोव्याला अर्थ नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर मुसळधार पाऊस झाला, सखल वस्त्यांत पाणी शिरलं आणि हीच माणसं गुडघाभर चिखलात उतरली. तोपर्यंत हार सुकून गेले होते. लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : नाले आधी का साफ केले नाहीत?

प्रश्न रास्त होता. पण नालेसफाई कधी होते, ते बघा. पावसाळ्याआधी, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये. कचरा डेपोतल्या आगी भडकतात उन्हाळ्यात. टँकरच्या फेऱ्या वाढतात त्याही उन्हाळ्यातच. सावलीत बसावं असे जे दिवस, त्यांतच शहराची सगळ्यात जड कामं येऊन पडतात. ती करणाऱ्यांत कायम नोकरीवाले थोडे, मक्तेदाराकडचे रोजंदारीवाले फार. एक दिवस घरी बसलं की एका दिवसाचा पगार गेला. उन्हाचा त्रास होतोय म्हणून सुट्टी घ्या, असं त्यांना सांगणं म्हणजे उपाशी राहा म्हणण्यासारखं आहे.

या सगळ्यांत लोकांच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे चावीवाला. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर उशिरा जातं. बोळाच्या तोंडाशी चावीवाला लांब लोखंडी चावी घेऊन येतो, झाकण उचलतो, चावी व्हॉल्व्हवर बसवतो आणि दोन्ही हातांनी फिरवू लागतो. मे महिन्यात दुपारची पाळी असली, तर लोखंड हाताला चटका देतं. मुठीला चिंधी गुंडाळल्याशिवाय ते धरवत नाही. त्याने मान वर करायच्या आत बायका गोळा झालेल्या असतात. 'अण्णा, प्रेशरच नाही.' 'मागच्या खेपेला आमच्या बोळाला अर्धा तास कमी सोडलं.' कुणाची मोटार सुरू, कुणाचं पिंप रिकामं. तो कधी समजावतो, कधी वैतागतो, कधी काही न बोलता पुढच्या बोळाकडे जातो.

त्याच्या हातात काय असतं, ते 2024 ने दाखवून दिलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. उजनी धरणाची पातळी जानेवारीतच उणे झाली आणि जूनच्या सुरुवातीला उणे 60 टक्क्यांच्या आसपास पोचली. शहराचं पाणी एकीकडे उजनीतून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने येतं, दुसरीकडे धरणातून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उपसलं जातं. नदीत पाणी कधी सोडायचं, हे वर ठरतं. वाटेत वीज जाते, पंप बंद पडतो, जलवाहिनी फुटते. मग पाळी एक दिवस पुढे जाते. या साखळीत शेवटच्या कडीवर चावीवाला उभा असतो आणि पूर्ण साखळीचा राग त्याच्यावर निघतो, कारण तोंडासमोर तोच असतो.

त्या वर्षांत दुसरं कुणी समोर नव्हतंही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत कारभार प्रशासकाच्या हाती होता. एरवी नगरसेवकाच्या दारावर जाणारा घागर मोर्चा कुठे न्यायचा? आयुक्तांचं कार्यालय लांब, झोन कार्यालयात साहेब भेटतील याचा भरवसा नाही. उरला चावीवाला, घंटागाडीवाला, ड्रेनेजवाला. ज्या तक्रारी ऐकायला निवडून दिलेली माणसं असतात, त्या सगळ्या या कामगारांनी रस्त्यात उभं राहून ऐकल्या. हा त्यांच्यावर अन्याय होता, असं मला वाटतं.

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. 8 जीव गेले. कापसाचा माल, आतमध्ये राहती माणसं, बाहेर येण्याचा मार्ग अडलेला. अग्निशमन दलाचे जवान कित्येक तास त्या भट्टीशी झगडत होते आणि त्याच वेळी लोकांचा संताप त्यांच्याच दिशेने जात होता. घरातली माणसं गेलेल्यांचा संताप कुणीही समजू शकेल. मात्र जवानाच्या हातात कोणती साधनं दिली जातात आणि कारखान्यांची तपासणी वेळेवर होते की नाही, हे प्रश्न जवानाला विचारून उपयोग नाही. पुढे सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला, माढा-मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावं पाण्यात गेली. तेव्हा मदतीला गेलेल्या पथकांना लोकांनी भाकरी बांधून दिली. त्याच मातीतली माणसं. राग आणि माया दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत, असा माझा अनुभव आहे.

पण मायेने दुपारचं ऊन टळत नाही. अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उष्णतेनंतर 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. केरळात उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी 12 ते 3 विश्रांती द्यावी, असा आदेश कामगार खातं काढतं. त्यासाठी ना फुलं लागतात, ना हार. कामाच्या वेळेचा एक कागद लागतो आणि तो मक्तेदाराने पाळला की नाही, हे बघणारा माणूस लागतो.

आता नगरसेवक पुन्हा निवडून आले आहेत. उन्हाळा तोंडावर आला की आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा. रोजंदारीवरच्या कामगाराला दुपारच्या उन्हातून सूट आणि त्या वेळेचा पगार मिळणार का? आणि पाण्याची पाळी पुढे गेली, तर कारणासकट त्याची सूचना बोळाच्या तोंडाशी आदल्या दिवशी लागणार का? उत्तर मिळेपर्यंत चावीवाल्याशी भांडू नका.